तीन पुड्यांसाठी, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,

तुम्हाला कौतुक आवडत नाही, तरी हे जाहीरपणेच लिहितोय. इथे ओहायोत रिव्हॉल्व्हरसाठी स्वतः काडतुसं भरणारे मराठी लोक थोडे असतील, पण त्यांनाही हे कळायला हवं.

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधून ओतीव शिशाच्या गोळीचं .३८ स्पेशल काडतूस झाडलं की बॅरलच्या (नळीच्या) सुरुवातीलाच शिसं चढतं, या माझ्या तक्रारीवर दुकानातल्या जाणकारांकडे एकच औषध होतं: आणखी कडक गोळी घ्या. एकाने तर काडतुसातली दारू वाढवायला सांगितलं. मायक्रोमीटर मात्र कुणी हातात घेतला नाही.

तुम्ही गोळ्यांच्या तीन पुड्या दिल्यात. साचा एक, मिश्रधातू एक, फरक फक्त जाडीचा: ०.३५७, ०.३५८ आणि ०.३५९ इंच. प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा आणि खाली एक ओळ, ‘रिकाम्या सिलिंडरमध्ये पुढून ढकलून बघा, मग भरा.’ पहिली गोळी चेंबरच्या थ्रोटमधून, म्हणजे सिलिंडरच्या भोकाच्या पुढच्या अरुंद भागातून, आपोआप खाली पडली. दुसरी सहाही थ्रोटमधून बोटाच्या दाबाने सरकली. तिसरी अडली. उत्तर ०.३५८. व्याख्यान न देता उत्तर दुसऱ्याच्या बोटाला कळू द्यायचं, हे टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचतं. त्या पुड्या आठवल्या की अजून गळा दाटून येतो.

गोळी थ्रोटपेक्षा बारीक असली की तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं कापत पुढे जातो आणि ते फोर्सिंग कोनमध्ये, म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या निमुळत्या तोंडात, चिकटतं. कडक गोळीने हे वाढतं, कारण .३८ स्पेशलच्या बेताच्या दाबाला ती फुगून फट बुजवत नाही. सेकंदाला ८०० फुटांच्या आसपासच्या वेगाला १२ ब्रिनेल कडकपणाचं, म्हणजे गाडीच्या चाकाला लावायच्या जुन्या वजनांसारखं (व्हील वेट) शिसं पुरतं. थोडं कथील घातलं की साचा नीट भरतो. शिसं नळीच्या टोकाकडे चढत असेल तर दुखणं वेगळं, तिथे बहुधा गोळीवरचं वंगण (ल्यूब) कमी पडतंय.

तुमची दुसरी सूचना कुठेच ऐकली नव्हती: भरलेल्या काडतुसातून एक गोळी उपटून पुन्हा मोजा. जॅकेटेड (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळीसाठीचा एक्सपांडर, म्हणजे केसचं (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं) तोंड रुंदावणारा दांडा, बारीक असतो; तो वापरला की घट्ट केसच मऊ गोळीला आवळते आणि ०.३५८ ची ०.३५७ होऊन बसते. केसचं तोंड गोळीवर आवळणारी (क्रिंप करणारी) कार्बाइड रिंगची डायही हेच करते. तेव्हा ओतीव गोळीचा जाड एक्सपांडर घ्यायचा, तोंड किंचित फुलवायचं, गोळी बसवणं आणि क्रिंप करणं दोन वेगळ्या टप्प्यांत ठेवायचं. नाहीतर केसची कड शिसं खरवडते. मोजायला मायक्रोमीटरच हवा. साध्या व्हर्नियरवर अर्ध्या थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भरवसा नाही.

आणि दारूचा आकडा विचारला तेव्हा तुम्ही तोंडी सांगितला नाहीत. ‘मॅन्युअल उघडा, त्याच वजनाची शिशाची गोळी आणि तीच दारू शोधा, सुरुवातीच्या लोडपासून चढा,’ एवढंच म्हणालात. .३८ स्पेशलची १८९८ सालची ही केस काळ्या दारूच्या मापाची आहे. जलद जळणारी दारू तिच्या तळाशी चिमूटभर दिसते आणि चुकून दुप्पट पडली तरी मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी केस उभ्या ठेवायच्या ब्लॉकमधल्या प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारायला लावलात. दारू वाढवा म्हणणाऱ्याने यातलं अक्षरही उच्चारलं नव्हतं. ठाऊक असूनही आकडा ओठांवर न आणणारा माणूस समोरच्याच्या बोटांची आणि डोळ्यांची काळजी करत असतो. असा सज्जनपणा काउंटरवर विकत मिळत नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. निदान शिशाच्या विटा तरी नाही म्हणू नका. पुढच्या शनिवारी रेंजवर घेऊन येतो.

तुमचा ऋणी,
शेजारच्या लेनवरचा