दादाची नडगी आणि आपलं जुनं भांडण

प्रिय सुध्या,

तुझ्या मेलना उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. पण आधी हे वाच, कारण घरात कुणाशी बोलायची सोय नाही. सगळे मलाच तज्ज्ञ समजतात. माझी शुगर ठीक, गोळ्या चालू.

दादाची नडगी जुळत नाहीये. संसर्ग आवरताना मेलेलं हाड काढावं लागलं आणि आता एक्स-रेत मधे जवळजवळ पाच सेंटिमीटर नुसता काळोख. दोन्ही टोकं गुळगुळीत, पांढरी, बंद. हाडानं विषयच संपवलाय म्हण ना.

सर्जन मास्केले नावाची दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया करू म्हणतात. आधी पोकळीत सिमेंटचा ठोकळा, सहा ते आठ आठवड्यांत त्याच्याभोवती पडदा धरला की तो उघडून सिमेंट काढायचं आणि आत कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. चुरा कमी पडला तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे (हाडाच्या जागी भरायच्या सिरॅमिकचे) दाणे, त्यावर त्याचाच बोन मॅरो, यंत्रात फिरवून घट्ट केलेला. नाहीतर इलिझारोव्ह: हाड कापून तो तुकडा बाहेरच्या रिंगांनी पोकळीत सरकवायचा, रोज एक मिलिमीटर, म्हणजे पन्नास दिवस नुसतं ओढणं, आणि ते हाड पक्कं होईपर्यंत कितीतरी महिने पायाला रिंगा. दादाला दोन्ही नको. त्याला कुणीतरी सांगितलंय, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, कापाकापी नाही, हाड आपोआप भरेल. वर मलाच विचारतो, "तू इतकी वर्षं उंदरांची हाडं भरतोयस, मग माझं का नाही?"

आता काय सांगू? उंदराच्या कवटीतलं आठ मिलिमीटरचं भोक आणि अंगाचा भार पेलणारी नडगी यांत फरक आहे, हे सांगितलं की तो म्हणतो, "म्हणजे तुमचं सगळं खोटंच!" खोटं नाही रे. पेशींना हाड बनवायला लावणारं डेक्सामेथासोन घातलेल्या डिशमध्ये तिसऱ्या आठवड्यात अ‍ॅलिझरिन हा रंग ओतल्यावर कॅल्शियमचे ते लाल ठिपके उमटायचे, ते तूही पाहिलेत. (आणि ती डिश सांडलीस तूच, मी नाही. हे अजून मिटलेलं नाही.)

आणि तो काप आठवतो? सच्छिद्र सिरॅमिकच्या कडेनं सुरेख नवं हाड, आणि मधोमध ठणठणाट. तू म्हणालास, रक्त पोचत नाही तिथं पेशी काय हवा खाऊन जगणार? रक्तवाहिनीपासून शे-दोनशे मायक्रॉनपलीकडे पेशीला प्राणवायू मिळत नाही. इथं तर पाच सेंटिमीटर आहेत. मी हेका धरला होता की पेशी वाढवा. अजूनही पुरता सोडलेला नाही. अर्निगूचा 2005चा पेपर बघ: न जुळलेल्या 60 नडग्यांत मॅरो टोचला, 53 जुळल्या, आणि उरलेल्या सातांत नेमक्या पेशीच कमी होत्या. पण तिथं मधलं एवढं हाड गायब नव्हतं, हा तुझा मुद्दा मी तुझ्याआधीच मांडून ठेवतो. 2001मध्ये इटलीतल्या गटानं मोठी पोकळी भरली, तेव्हा रुग्ण मोजून तीन, आणि पेशी बसवायला हाडातल्याच खनिजाचा, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा सांगाडा होताच. नुसती सुई नव्हती.

मॅरोत कामाची पेशी, म्हणजे स्टेम सेल, दहा हजारांत एक, कधी लाखात एक. ती रिकाम्या पोकळीत टोचली तर धरून बसणार कशाला? बहुतेक काही आठवड्यांत नाहीशा होतात. जाताना चार निरोप देऊन शेजाऱ्यांना कामाला लावतात एवढंच. पण इथं शेजारी आहेतच कुठे? मास्केलेच्या पडद्यात निदान रक्तवाहिन्या असतात, तो स्वतः बीएमपी-2 हे हाड वाढवणारं प्रथिन सोडतो. रक्तवाला पडदा ऐकून कॉलर ताठ करू नकोस.

खरी भीती वेगळीच आहे. मी नको म्हटलं आणि मास्केले फसलं, तर "तूच सांगितलंस" हे जन्मभर ऐकावं लागेल. गप्प बसलो, तर तो ते इंजेक्शन घेणार, पैसे जाणार, आणि त्या वेळात टोकं आणखी झिजणार. वहिनी दोन्हीकडून माझ्याकडेच बघते. रात्री सर्जनसारखा विचार करतो, सकाळी भावासारखा, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

तुझं तो ऐकतो. का ऐकतो, देव जाणे. एक्स-रे सोबत जोडलेत. रविवारी तो फोन करेल, उचल. पेशी वाईट असं म्हणू नकोस, त्याला ते माझ्यावरचं वाटतं. फक्त सांग की पेशीला आधी घर लागतं आणि रक्त लागतं, आणि सर्जन तेच करतायत. सिगारेटचंही तूच बघ. हाड जुळायच्या आड ती येते हे माझ्या तोंडून त्याला प्रवचन वाटतं.

नवी नोकरी कशी आहे? लेकीची परीक्षा आटोपली असेल, तिला शाबासकी सांग. आईंच्या गुडघ्याचं काय झालं?

तुझा,
नंदू

ता.क. कमरेचं हाड काढल्यावर तिथंच जास्त दुखतं हे दादाला अजून सांगितलेलं नाही. तेही तुझ्यावर.