‘आत्ता नाही गं’ म्हणणाऱ्या पार्लरवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातल्या तुमच्या पार्लरमध्ये स्ट्रेटनिंगवाल्या इतक्या जणी येतात की मी आठवेनच असं नाही. मावसबहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, मुळाशी चार बोटं कुरळे केस आणि खाली सगळे सरळसोट, अशी मी एप्रिलमध्ये आले होते. मला टोकापर्यंत पुन्हा सगळं करून हवं होतं, पैसेही काढून ठेवले होते. तुम्ही एक बट ओली केलीत, हलकेच ओढलीत, ती रबरासारखी ताणली गेली आणि तुम्ही म्हणालात, “आत्ता नाही गं. दसऱ्यानंतर ये. आणि तेव्हाही फक्त मुळांचंच करायचं.”

लांबी बघून पैसे सांगायच्या धंद्यात आलेलं गिऱ्हाईक असं कोण परत पाठवतं? आभार मुख्यतः त्याचे. हे जाहीरपणे लिहितेय, कारण ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज निदान एक तरी डोकं माझ्यासारखं दिसतं.

आधीच्या पार्लरने दर वेळी लांबीभर क्रीम फिरवलं होतं आणि ते कुठलं हे कधी सांगितलं नव्हतं. ते विचारायला हवं, हे तुमच्याकडे कळलं. आपल्याकडे बहुतेक थायोग्लायकोलेटचं क्रीम वापरतात. ते केसांतले सल्फरचे बंध तोडतं, मग केस इस्त्रीने सरळ करायचे आणि न्यूट्रलायझर लावून बंध पुन्हा पक्के करायचे. कॉस्टिक सोड्याचं रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारंच दुसरं क्रीम, त्याचं काम निराळं. त्या केसांवर हे किंवा या केसांवर ते लावलं, तर केस मधूनच तुटून हातात येतात. आणि स्ट्रेटनिंग ‘उतरत’ नसतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, ते टाळूतून आपल्या मूळ वळणानेच येतात. सरळ केलेला भाग सरळच राहतो, म्हणून त्याला परत क्रीम लावण्यात काही अर्थ नसतो.

तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात तो सांध्याला, म्हणजे कुरळा भाग संपून सरळ सुरू होतो त्या जागेला. केस तुटतो तो तिथेच. आता मी ओल्या केसांत भरपूर कंडिशनर लावते, रुंद दातांचा कंगवा घेते, टोकांपासून वर सरकते आणि सांधा दुसऱ्या हाताने धरून ठेवते. कंगव्यात येणारे तुटके तुकडे खूपच कमी झालेत.

बाकीचं तर अगदी साधं निघालं. मुळं रोज इस्त्रीने दाबू नकोस, म्हणालात. इस्त्रीचा सरळपणा पाण्याचा अंश लागला की जातो, आणि जुलैत ठाणे स्टेशनचा जिना चढेपर्यंतच मान घामाने ओली होते. त्यापेक्षा खालच्या सरळ केसांनाच थोडं वळण द्यायचं. रात्री किंचित दमट केसांच्या दोन सैल वेण्या, सॅटिनचा अभ्रा, सकाळी बोटांनी सोडवायच्या. वरचं-खालचं एकसारखं दिसतं. ऑफिसात एकीने विचारलं, पर्म कुठे केलास? मी नुसती हसले. घाई असेल त्या दिवशी क्लचर, पण रोज एकाच जागी नाही आणि घट्ट तर नाहीच.

तेलाचं मात्र आमच्या घरी वाजलं. आई म्हणे, केमिकलवर तेल कशाला. तुम्ही सांगितलंत, धुण्याआधी खोबरेल लाव, फक्त खसाखसा चोळू नकोस. मी शोधलं तेव्हा 2003 सालचा मुंबईतल्याच संशोधकांचा अभ्यास सापडला: धुताना केसांतून जाणारं प्रोटीन खोबरेल तेलामुळे कमी होतं, सूर्यफूल तेलाने किंवा मिनरल ऑइलने तसा फायदा दिसत नाही. आई आता हे शेजारीपाजारी स्वतःचं म्हणून सांगते.

लग्नात खोपा घातला, वर गजरा. मुळं कुरळी होती म्हणून उलट तो फुगीर बसला, पिनाही कमी लागल्या. फोटो पाठवेन.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली वेळ देऊन ठेवा, शनिवार-रविवार सोडून कुठलीही चालेल. मेहंदी लावलेली नाही, आणि आदल्या दिवशी टाळू खाजवायची नाही, हेही लक्षात आहे. क्रीम सरळ केसांवर उतरू नये म्हणून सांध्याखाली कंडिशनर लावून घेणार म्हणाला होतात, ते जमलं तर मला आरशात दाखवाल का? बघायचंय.

आणि तुमच्याकडची ती नवीन मुलगी, जिने एकही केस न ओढता माझा सगळा गुंता सोडवला, तिलाही माझे आभार कळवा. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तुमची,
ऐरोलीला नोकरी करणारी, कुरळ्या मुळांची