सरडा लाल मगावर लाल होत नाही

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीतले सरड्याच्या रंगांवरचे टिपण आमच्या नातवाने मोठ्याने वाचून दाखवले आणि दुसऱ्याच दिवशी चाळीमागच्या कुंपणावरचा एक सरडा टॉवेलात धरून घरात आणला. मोरीतला लाल प्लास्टिकचा मग पालथा घालून त्यावर बसवला. ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग सरडा घेतो, असे आपणच छापले होते. झाले उलटेच. विणीचे दिवस, त्यामुळे नराचे डोके आणि गळा मुळातच लालभडक. मगावर बसवल्यावर ती लाली उतरत गेली आणि जनावर मळकट तपकिरी पडले. घाबरले होते बिचारे.

त्यात टिपणाशेजारी छायाचित्र होते शॅमेलिऑनचे. कुंपणावर मान डोलावतो तो बाग सरडा. (तो आपल्याला चिडवतो म्हणून लहानपणी आम्हीही त्याला दगड मारले आहेत.) शॅमेलिऑन म्हणजे आपल्याकडचा घोयरा, तो निराळा. शेपटीची गुंडाळी, चिमट्यासारखे पंजे, दोन दिशांना फिरणारे दोन डोळे. जगात त्याच्या २०० हून अधिक जाती, त्यातल्या जवळजवळ निम्म्या मादागास्करमध्ये; भारतात एकच. विषारी समजून लोक त्याला मारतात. त्याला विष नसते, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आता रंगाचे. मी १९८२च्या संपापर्यंत गिरणीच्या रंगखात्यात होतो, म्हणून हे वाचून मला मौज वाटली. निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा, हे आमचे रोजचे काम. घोयऱ्याचा हिरवाही तसाच जमतो, फक्त त्यातला निळा रंग मुळी रंगद्रव्यच नव्हे. कातडीतल्या पेशींत ग्वानिन नावाच्या रंगहीन पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. ते दाटीने असले की निळा प्रकाश परततो, वरच्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो हिरवा दिसतो. नर खवळला की स्फटिकांमधले अंतर वाढते, मग पिवळा, नारिंगी, लाल प्रकाश परतू लागतो. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर काम करून जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये हे दाखवले. आम्हाला छटा बदलायची तर हौद रिकामा करून पुन्हा भट्टी लावावी लागे. हा गडी तेच काम काही मिनिटांत उरकतो, तेही थेंबभर रंग न घालता. गडद व्हायला मात्र त्याच्याकडे मेलॅनिन हे खरे काळे रंगद्रव्य असते, ते पेशीभर पसरते.

आणि हे सारे मुख्यतः लपण्यासाठी नाही. थंड सकाळी ऊन शोषायला तो गडद होतो, दुसरा नर समोर आला की भडक होतो. मादीसुद्धा नको असलेल्या नराला रंगानेच नाही म्हणते. लपायला त्याचा नेहमीचा हिरवा-तपकिरी रंग पानांत पुरेसा असतो.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, आणि बाग सरडा व घोयरा यांची छायाचित्रे शेजारी शेजारी द्यावीत, ही विनंती. नातवाने त्याच संध्याकाळी सरडा होता तिथे नेऊन सोडला. म्हणीप्रमाणे तो कुंपणापर्यंतच धावला, आणि थोड्या वेळाने पाहिले तर डोके पुन्हा लाल.

आपला,
एक जुना गिरणी कामगार,
लालबाग, मुंबई