चि. भाऊस, घरात फिरणाऱ्या यंत्राबद्दल

भुसावळ

चि. भाऊ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेलं दुसरं खोकं मी अजून उघडलेलं नाही. फोनवर विचारलंस तेव्हा "बघतो" एवढंच म्हणालो, कारण फोनवर हे बोलणं धड होत नाही. तुझी मीटिंग असते, माझं निम्मं बोलणं राहून जातं. म्हणून लिहितो आहे. सावकाश वाच.

आधी पहिल्या यंत्राचं सांगतो. झाडूवाल्या रोबोने आईचं वाकणं वाचवलं, हे मला मान्य आहे आणि त्यासाठी तुझं कौतुक आहे. आपल्याकडचा उन्हाळा तुला माहीत आहे. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, दुपारभर गरम हवा सुटते आणि दारं-खिडक्या लावल्या तरी संध्याकाळी फरशीवर पाय ठेवला की धूळ चरचरते. गुडघे धरल्यापासून पलंगाखालचं झाडणं आईला होत नव्हतं आणि मी केलेलं तिला पटत नव्हतं. आता ते यंत्र पलंगाखाली जातं, कोठीच्या खणाखाली जातं, चार्जिंग संपत आलं की स्वतःच जागेवर येऊन बसतं. उंबरठा चढत नाही, म्हणून स्वयंपाकघरात उचलून ठेवावं लागतं, पण ते काही मोठं काम नाही. नेट गेलं तरी पाठीवरचं बटण दाबलं की चालतं, हे मला सगळ्यांत आवडलं. त्याला कॅमेरा नाही. डोक्यावरच्या बुटक्या मनोऱ्यात लेझर फिरतो आणि भिंतीवरून परत येणाऱ्या प्रकाशावरून अंतर काढून घराचा नकाशा तयार होतो. तो नकाशा तुला पुण्यात मोबाइलवर दिसतो. म्हणजे तो घराबाहेर गेलेला आहे आणि वाटेत कंपनीचा सर्व्हर आहे. त्यावर पुढे बोलतो.

दुसऱ्या खोक्यातल्या यंत्राला कॅमेरा, माइक आणि स्पीकर आहे आणि तू ते पुण्याहून हवं तिकडे फिरवणार आहेस. आई पावसाळ्यात मोरीत घसरली, तेव्हापासून तुला झोप लागत नाही, हे सूनबाईंनी मला सांगितलं. तुझा जीव कशात अडकला आहे हे मला समजतं. त्यामुळे या यंत्राला मी नुसतं नाही म्हणणार नाही, कारणं सांगेन.

तुला माहीत आहे, माझी सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. रिले रूम म्हणजे सिग्नल आणि सांधे चालवणाऱ्या तारांची खोली. तिच्या दाराला दुहेरी कुलूप असतं. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी आमच्या खात्याकडे. मी कितीही जुना असलो तरी एकट्याने ती खोली उघडू शकत नव्हतो. मास्तरने आपली किल्ली द्यायची, रजिस्टरमध्ये वेळ आणि कारण लिहायचं, सही करायची, मग आत. माझ्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. आतली एक तार इकडची तिकडे लागली तर गाडी भलत्याच रुळावर जाते. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, शिरली, तेव्हा चौकशीत सिग्नलच्या चुकीच्या जोडणीचीच गोष्ट निघाली, आणि देशभर रिले रूमची कुलुपं पुन्हा तपासायचे हुकूम निघाले. तुझ्या यंत्राबद्दल मी पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न विचारतो आहे: आपल्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे राहणार?

गुगलवर शोधून जे खात्रीचं मिळालं ते सांगतो. इकोव्हॅक्स नावाच्या मोठ्या कंपनीचा डीबॉट एक्स-२ हा कॅमेरा असलेला झाडूवाला रोबो आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत परक्या लोकांनी तो ताब्यात घेतला. एका घरात मुलाबाळांसमोर त्याच्या स्पीकरमधून वर्णद्वेषी शिव्या ओरडल्या गेल्या, दुसऱ्या एका घरात त्याने कुत्र्याचा पाठलाग केला. कंपनीचं म्हणणं पडलं की ग्राहकांचे पासवर्ड दुसरीकडून फुटले होते आणि तेच इथेही वापरलेले होते. ते खरंही असेल. पण व्हिडिओ पाहण्यासाठी वेगळा चार आकडी पिन होता, त्याचं काय झालं? डिसेंबर २०२३ मध्येच अभ्यासकांनी जाहीर दाखवून दिलं होतं की तो पिन फक्त मोबाइलमधलं ॲप तपासतं. सर्व्हर तपासत नाही, रोबोही तपासत नाही. ॲपला बगल दिली की पिन लागतच नाही. म्हणजे मास्तरच्या टेबलावर रजिस्टर आहे आणि रिले रूमचं दार सताड उघडं.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत डेफकॉन या हॅकर लोकांच्या परिषदेत आणखी एक गोष्ट पुढे आली. त्याच कंपनीच्या काही यंत्रांत ब्लूटूथवरून शिरता येत होतं, तेही सुमारे १३० मीटरवरून. एवढ्या अंतरात आपल्या गल्लीची दोन्ही टोकं येतात. एकदा आत शिरलं की पुढे इंटरनेटवरून कुठूनही कॅमेरा आणि माइक चालवता येत होता. आणि कॅमेरा सुरू आहे हे घरातल्याला कळावं असा दिवा त्या यंत्रांवर नव्हता.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "भाऊ पाहू राह्यला का दुसरं कोनी, ते मले कसं कयीन?"

मी एवढं सगळं शोधलं, पण मुद्द्याचा प्रश्न तिने विचारला. तुझ्या मोबाइलवर तुला सगळं दिसतं. तिला काहीच दिसत नाही. तिच्यासाठी ते यंत्र वळलं म्हणजे वळलं, कोणी वळवलं ते समजायचा मार्ग नाही.

आता यंत्र कुठे फिरतं ते बघ. त्याचा डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. आणि आपल्या घरातलं सगळं जगणं जमिनीवरच चालतं. बायका पाय पसरून कुरडया, पापड, शेवया करतात त्या जमिनीवर बसून. उन्हाळ्यात दुपारी फरशी पाण्याने पुसून, कूलर लावून आई खालीच आडवी होते, पदर कुठे, साडी कुठे याचं भान तिने स्वतःच्या घरात का ठेवावं? आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या बहिणी येतात, त्यांची पोरं येतात, लहानग्याला पाजायला त्या माजघरात बसतात. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळी भावकी जमते, रात्रभर बायका जागतात, गाणी म्हणतात, हसतात, जे मनात येईल ते बोलतात. त्यांच्यापैकी कोणी त्या यंत्राला होकार दिला आहे? तू दिलास, तोही आमच्या वतीने. दारावर कॅमेरा लावणं निराळं. तो एका जागी असतो, येणाऱ्याला दिसतो. हा घरभर फिरतो.

घरातली चित्रं बाहेर जायला दर वेळी चोरच लागतो असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या मासिकाने उघड केलेलं प्रकरण वाच. रूम्बा नावाचा झाडूवाला रोबो बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या चाचणीच्या यंत्रांनी २०२० मध्ये घरांतली चित्रं टिपली. रोबोला खुर्ची कोणती, वायर कोणती हे शिकवायचं तर माणसांनी त्या चित्रांवर खुणा कराव्या लागतात. ते काम कंत्राटावर व्हेनेझुएलातल्या माणसांकडे गेलं आणि तिथून काही चित्रं फेसबुकसारख्या ठिकाणी पोचली. त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचं चित्र होतं. कंपनीने सांगितलं की ही विक्रीतली यंत्रं नव्हती, ज्यांच्या घरी ती होती त्यांनी लेखी संमती दिली होती. ते मी मानतो. पण आपलं चित्र इतक्या हातांतून जाईल, असं वाटून त्या बाईने होकार दिला असेल का?

याच कंपनीचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घ्यायचं ठरवलं, जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार मोडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लाखो घरांचे नकाशे हाताळणाऱ्या कंपनीची ही गत. आज ज्याच्यावर भरवसा ठेवून आपण वस्तू घेतो, तो मालक उद्या तोच असेल असं धरून चालू नकोस. नातीसाठी बोलणारा रोबो घ्यायचं तुझ्या मनात आहे, त्यालाही हेच लागू. मॉक्सी नावाचा मुलांशी गप्पा मारणारा रोबो ७९९ डॉलरला मिळायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीचा पैसा संपला आणि सर्व्हर बंद झाला की हा बोलणार नाही, असं पालकांना कळवण्यात आलं. जीव लावून बसलेल्या लेकराला हे कसं समजवायचं? तिला गोष्ट ऐकायची असेल तर रात्री मला फोन लावून दे. मी जागा असतो.

आता मोरीचं. तुझी सगळी धडपड त्यासाठी आहे, आणि नेमक्या तिथे ते यंत्र पोचतच नाही. मोरीला उंबरा आहे, फरशी ओली असते, दार लावलेलं असतं. पोचलं असतं तरी तिथे कॅमेरा नको, हे तूही म्हणशील. मग आई पुन्हा पडली तर तुला बैठकीची खोली दिसेल आणि ती दिसत नाही एवढंच कळेल. हां, ती माजघरात पडली आणि मी बाजारात असलो तर कॅमेऱ्याचा उपयोग होईल, हे मी नाकारत नाही. त्या एका गोष्टीसाठी मी बराच विचार केला. पण तू पुण्यात बसून तिला उठवू शकत नाहीस. तुला शेजारीच फोन करावा लागणार. मग मी शेजाऱ्यांपर्यंतची वाटच सरळ केली आहे. मोरीत आणि माजघरात फरशीपासून हातभर उंचीवर घंटीचं बटण बसवलं आहे, पडलेल्या माणसाच्या हाताला येईल असं. वायर भिंतीवरून थेट शेजारच्या काकूंच्या ओसरीवर नेली आहे, बॅटरीवर चालते, लाइट गेली तरी वाजते. आपल्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असतेच. मोरीचं दार बाहेरून उघडेल अशी कडी लावली, धरायला दांडा लावला, खाली खरबरीत पट्टी टाकली.

पहिलं यंत्र राहू दे, पण त्याचीही नीट सोय लाव. आपल्या राउटरला कंपनीचा मूळ पासवर्ड अजून तसाच आहे, तो आधी बदल. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर कामाला लावले आणि ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पाडल्या. घरमालकांना पत्ताही नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सोपे ठरावीक पासवर्ड घालून वस्तू विकायलाच बंदी केली. रोबोसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क कर, म्हणजे तो माझ्या बँकेच्या मोबाइलच्या शेजारी बसणार नाही. त्याच्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरू नकोस, ओटीपीची सोय असेल तर चालू कर, अपडेट आपोआप होऊ दे. लेझरलाही मी पूर्ण निर्धोक म्हणत नाही. २०२० मध्ये सिंगापूर आणि मेरिलँडच्या संशोधकांनी रोबोच्या लेझरवरून खोलीत बोललेले आकडे ओळखून दाखवले होते. ते प्रयोगशाळेतलं काम होतं आणि त्यासाठी आधी यंत्र ताब्यात घ्यावं लागतं, म्हणून मला त्याची आज फार भीती वाटत नाही. पण अपडेट टाळू नयेत, एवढं त्यातून कळतं. आणि उद्या यंत्र कोणाला दिलंस तर आधी नकाशा आणि खातं पुसून टाक.

दुसरं यंत्र ठेवायचंच असा तुझा हट्ट असेल तर माझी अट ऐक. खातं आईच्या मोबाइल नंबरवर उघडायचं. तुला बघायचं असेल तेव्हा तिने तिच्या हाताने परवानगी द्यायची, आणि काम झालं की कॅमेऱ्यावर झाकण बसलं पाहिजे, डोळ्यांना दिसेल असं. दोन किल्ल्यांशिवाय दार उघडायचं नाही. असं होत असेल तर मी स्वतः ते खोकं उघडीन. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तीन गोष्टी विचार: पिन कोण तपासतं, ॲप की यंत्र; कॅमेऱ्याला झाकण किंवा तो चालू झाला की आपोआप लागेल असा वायरनेच जोडलेला दिवा आहे का; आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार. उत्तरं मेलवर लेखी माग. तोंडी चालणार नाहीत.

खोक्यावरच्या पावतीप्रमाणे परत पाठवायची मुदत येत्या शनिवारी संपते. त्याआधी मला कळव, आणि आधी आईशी बोल. तिला विचार, सांगू नकोस.

सूनबाईंना आणि नातीला आशीर्वाद.

तुझे
आप्पा