गव्हाच्या बियाण्याची मागणी नोंदवा

गटातील सर्व सभासदांना नमस्कार,

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं. ओलिताच्या गव्हासाठी 1 ते 15 नोव्हेंबर हा पेरणीचा चांगला काळ आहे, म्हणून बियाणं आणि खताची मागणी दिवाळीआधीच गटाच्या वहीत नोंदवा. वेळेवरच्या पेरणीला एकरी 40 किलो बियाणं धरा. पऱ्हाटी (कपाशी) उपटून मग गहू घेणाऱ्यांनी एकरी 50 किलो लिहावं आणि उशिराच्या पेरणीचं वाण मागावं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेएडब्ल्यू-4627 त्यासाठीच आहे.

पिशवी घेताना टॅग बघाच. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा. गव्हाची उगवण किमान 85 टक्के हवी. पक्कं बिल, टॅग आणि रिकामी पिशवी पीक निघेपर्यंत सांभाळा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

घरचं बियाणं वापरणाऱ्यांनाही आमची ना नाही. गहू स्वपरागीत आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरतो, त्यामुळे चांगलं राखलेलं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. पण आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा, ही कळकळीची विनंती. फुटके, किडके दाणे पेरून पाणी आणि खत वाया घालवू नका. थायरम हे बुरशीनाशक चोळणाऱ्यांनी प्रत्येक किलो बियाण्याला 3 ग्रॅम घ्यावं. अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू खत त्यानंतर, 10 किलोला 250 ग्रॅम, आणि बियाणं सावलीतच सुकवा.

नोंदणी सायंकाळी गटाच्या गोदामात. सोबत सातबारा आणा.

— सचिव