प्रेसवर बसवण्याआधी चाळीस मिनिटे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर कामगाराची बोटे गेली की ‘त्याला प्रशिक्षण दिले होते’ असा खुलासा ठरलेला असतो. कागदोपत्री तो बहुतेकदा खराही असतो. रुजू होण्याच्या दिवशी तासभर चित्रफीत, बूट-हातमोज्यांचे वाटप आणि रजिस्टरात सही. मग कंत्राटदाराने आणलेला मुलगा शेडमध्ये जातो आणि शेजारचा ऑपरेटर त्याला सांगतो, “बघ, पट्टी अशी सरकव, पाय मार.” खरे शिक्षण तेवढेच.

मुळात आपण कोणत्या प्रेसवर उभे आहोत हे त्याला सांगायला हवे. छोट्या शेडमधल्या जुन्या प्रेसना बहुधा पिन क्लच असतो, म्हणजे फिरते चाक रॅमला (ठोका मारणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या भागाला) पिनने जोडणारी जोडणी. पिन एकदा गुंतली की ठोका पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवणे म्हणजे निव्वळ देखावा, कारण किरण तुटला तरी रॅम खाली येतोच. स्प्रिंग ढिली झाली किंवा पिन झिजली तर पाय पॅडलवर नसतानाही दुसरा ठोका पडतो. तिथे डायला (तुकड्याला आकार देणाऱ्या साच्याला) पुढून जाळी आणि तुकडा उचलायला चिमटा किंवा चुंबकाची काठी, याला पर्याय नाही. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचचा प्रेस मध्येच थांबतो, पण त्यालाही वेळ लागतो. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. प्रेस पाव सेकंदात थांबत असेल, तर कर्टन डायपासून निदान 40 सेंटिमीटर हवे, शिवाय किरणांमधल्या फटीनुसार आणखी काही. ब्रेकचे लायनिंग झिजून तोच वेळ 0.35 सेकंदावर गेला की हे अंतर 56 सेंटिमीटर होते. कर्टन मात्र जिथल्या तिथेच राहते.

हात डायमध्ये जातो तो सहसा काम सुरळीत चालू असताना नाही, तर काही अडल्यावर. तुकडा पंचाला (डायच्या वरच्या, कापणाऱ्या भागाला) चिकटतो, स्लग (कापून पडलेला टाकाऊ तुकडा) वर येतो, पट्टी वाकडी बसते, आणि टारगेट डोक्यात असलेला कामगार बोटाने तो काढायला जातो. मोटर बंद केली म्हणून तो निर्धास्त असतो, पण फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) अजून फिरत असते आणि एका ठोक्याइतकी ताकद त्यात सहज असते. म्हणून पहिल्या दिवशी काम कसे करायचे याच्या आधी काम अडले तर काय करायचे ते शिकवावे: थांबायचे, सेटरला (डाय बसवणाऱ्याला) हाक मारायची, तो येईपर्यंत हात लावायचा नाही. सेटरनेही चाक पूर्ण थांबल्यावर, रॅमखाली ठोकळा लावूनच हात घालायचा.

शिकवण्याची पद्धत नवी शोधायची गरज नाही. अमेरिकेत 1940 ते 1945 या युद्धकाळात कारखान्यांतल्या मुकादमांसाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली. पुढे टोयोटाने ती उचलली. तयारी, दाखवणे, करवून घेणे, मागावर राहणे. यात दाखवणे तीनदा असते. पहिल्यांदा फक्त टप्पे, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली खुबी, तिसऱ्यांदा त्या खुबीमागचे कारण. ‘पट्टी स्टॉपरला टेकव’ हा टप्पा. ‘टेकल्याचा आवाज ऐक’ ही खुबी. ‘टेकली नाही तर अर्धाच तुकडा कापला जातो, पंचावर एका बाजूने भार येतो आणि पंच तुटतो’ हे कारण. आपल्याकडे कारण सांगायचे राहते, आणि कारण न कळलेली सूचना रात्रपाळीत सर्वात आधी सुटते. त्यानंतर शिकणाऱ्याने तेच काम करत टप्पे, खुबी आणि कारणे आपल्या तोंडाने सांगायची, मग ती भोजपुरीत असोत की उडियात. चांगल्या आणि बर (कडेला धारदार कंगोरा) आलेल्या तुकड्याचे नमुने प्रेसला टांगले की भाषेची अडचण निम्मी सरते.

एका जॉबला याला चाळीस मिनिटे लागतात. मिनिटाला 15 ठोके धरले तर 600 नग, म्हणजे पाळीच्या 6000 च्या टारगेटचा दहावा हिस्सा. घोडे पेंड खाते ते इथे. शिवाय शिकवायचे काम ज्याच्या गळ्यात पडते तो सर्वात हुशार ऑपरेटर नगावर इन्सेंटिव्ह घेत असतो. शिकवले की त्याचेच पैसे बुडतात. त्या वेळेचा सरासरी इन्सेंटिव्ह त्याला द्या आणि 600 नग टारगेटमधून उघडपणे वजा करा. एवढे करत नसाल तर कोणाला कोणते काम किती येते ते वर्तुळांत दाखवणारा भिंतीवरचा कौशल्य-तक्ता उतरवून ठेवा. नाहीतरी त्यातले पाव-पाव वर्तुळ ऑडिटच्या आदल्या दिवशीच भरले जाते. आणि डाय बदलली की काम नवे. जुन्या जॉबवरची सही तिथे चालत नाही.

कारखान्यातच सुरक्षेचे प्रशिक्षण मिळण्याचा कामगाराचा हक्क 1987 मध्ये तेव्हाच्या कारखाने अधिनियमात कलम 111-अ घालून मान्य झाला. तरी तपासणी होते ती रजिस्टरची. तपासनिसांनी त्याऐवजी चालू पाळीत कोणत्याही एका प्रेसपाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत: हा ठोका मध्येच थांबतो का? तुकडा अडकला तर काय करायचे? हाक कोणाला मारायची? उत्तर कामगाराने द्यावे, आणि तेवढा वेळ सुपरवायझरला शेडबाहेर उभे करावे.

आपले,
प्रेस शॉपमधील प्रशिक्षक व डाय सेटर,
पिंपरी-चिंचवड