आप्पा, माइकवर तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं

आदरणीय आप्पा,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण चूक चारचौघांत झाली, म्हणून आभारही चारचौघांतच मानायचे ठरवले. तुमचा नातू वाचून दाखवेल.

गेल्या फेब्रुवारीत नाशिककडची सायकल शर्यत संपली. गळ्यात तिसऱ्या क्रमांकाचं पदक होतं. निवेदकाने माइक पुढे केला, "ताई, तुमचे कोच कोण?" मी धापा टाकत होते. तोंडातून निघून गेलं, "कोणी नाही, स्वतःच शिकले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना मालेगाव आलं तरी ते वाक्य घशाखाली उतरेना. कारण ते खरं नव्हतं, आप्पा.

२०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करणारी शर्यत पूर्ण करून आले. जवळपास ४,८०० किलोमीटर! पेपरातलं ते कात्रण मी औषधाच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं. प्रत्यक्षात सायकल घ्यायला मात्र आणखी सहा वर्षं लागली. पहिली शर्यत रस्त्यावरची, ५० किलोमीटरची. वारा एकटीने अंगावर घेणं आणि पुढच्याच्या चाकामागे चाक ठेवून चालणं यात किती फरक आहे, ते त्या दिवशी पायांना कळलं. शेवटून चौथी आले आणि घरी पेढे वाटले.

त्यानंतरची माउंटन बाइकची शर्यत मात्र अर्ध्यातच संपली. सायकल खासगी बसच्या डिकीत आडवी टाकून नेली होती, गिअरची बाजू खाली आणि वर कोणाच्या तरी गोण्या. उतरवली तेव्हा सगळं जागच्या जागी दिसत होतं. चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की मागून बारीक टिक-टिक यायची. वाटलं, खडा लागत असेल. दुसऱ्या फेरीत त्याच चढावर डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग, स्पोकमध्ये गेला, कडकन आवाज झाला आणि चाक जाम झालं. मागचं चाक हाताने उचलून धरत दोन किलोमीटर चालत परत आले. बाकीच्या जणी शेजारून निघून जात होत्या, त्यांच्याकडे मान वर करून बघवलं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकाने पूर्ण गिअर सेट बदलायला सांगितला. दुसऱ्याने प्रश्न माझा ऐकला आणि भाव माझ्या नवऱ्याला सांगितला. तुम्ही तेव्हा एका दूधवाल्याच्या सायकलचे छर्रे रॉकेलमध्ये धूत होता. हात पुसलेत, तुटलेला भाग उचलून उजेडात धरलात आणि सरळ मला विचारलंत, "आवाज कधीपासून येत व्हता?"

सायकल पडली कशी, हे कोणीही विचारतं. आवाजाचं तुम्हीच विचारलंत. मी टिक-टिक सांगितली, बसची डिकी सांगितली. मग तुम्ही म्हणालात, "माय, गाडी बोलस. तू ऐकस का?"

डिरेलर ज्या पट्टीला लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. मार बसला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. माझा हँगर डिकीतच आत वाकला होता आणि चढावर टिक-टिक करून तेच सांगत होता. हे तुमच्याकडून कळेपर्यंत मी स्वतःच्या पायांना दोष देत होते.

नवा हँगर यायला बारा दिवस लागले. बसवला आणि मला वाटलं, झालं काम. तुम्ही मात्र मोडीत निघालेल्या एका सायकलचं मागचं चाक भिंतीवरून खाली काढलंत आणि त्याच्या एक्सलचं टोक हँगरच्या आट्यांमध्ये फिरवत बसवलंत. आटे जुळले! माझं चाक आणि ते गंजकं चाक, दोन्ही शेजारी शेजारी उभी. मग एक तुटका स्पोक दोन्ही रिमच्या मध्ये धरलात. वर तो नेमका टेकला. खाली तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. कोरा करकरीत हँगरही तेवढा वाकडा होता. तुम्ही जुनं चाक दोन्ही हातांनी धरून हलकेच ओढलंत, पुन्हा स्पोक लावलात, पुन्हा ओढलंत. फट गेली. एवढ्या कामासाठी परदेशी गेज विकत मिळतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही ते चाक पुन्हा थोडं वाकडं केलंत आणि बाजूला सरकलात, "आते तू कर."

पुढचा सगळा पावसाळा मी रात्री नऊला दुकान बंद करून तुमच्याकडे येत होते. तुम्ही सायकल उलटी करून चाक फिरवायचे आणि मी डोळे मिटून सांगायचं : पॅड घासतोय, छर्रे कोरडे आहेत की चेनची कडी आखडली आहे. सुरुवातीला दहातली सात उत्तरं चुकायची. चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला बसले तर एक बाजू सरळ करताना दुसरी बिघडायची. स्पोक एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत त्याला गणती नाही. आवाज मात्र एकदाही चढवला नाहीत.

माउंटन बाइकच्या या खेळाला कोणी विचारतं का, असं तुम्ही एकदा मला विचारलं होतं. १९९६ च्या अटलांटापासून ऑलिंपिकमध्ये आहे म्हटल्यावर तुम्ही माझ्या सायकलकडे पुन्हा एकदा नीट बघितलंत, ते मला फार आवडलं.

पैशांच्या बाबतीत तुम्ही रोखठोक. पार्टची किंमत पावतीप्रमाणे, मजुरी ठरल्याप्रमाणे. फक्त ज्या कामाला हात माझा लागला त्याची मजुरी कधी घेतली नाहीत. त्या हिशेबात माझा मान होता, म्हणून तो इथे मुद्दाम लिहितेय.

आणि कापूस. हे तर सगळ्यांना सांगायलाच हवं. आपल्या भागात बाभळीचा काटा आणि सराटे, दोन्हींनी वाटा भरलेल्या. पंक्चर झालं की लोक ट्यूब बदलतात आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा खाली बसतात, कारण काट्याचं टोक टायरमध्येच असतं. बोट फिरवून ते लागत नाही, लागलं तर बोटातच जातं. तुम्ही डब्यातून सरकीसकट कापसाचं एक बोंड काढलंत, चिमूटभर कापूस टायरच्या आतून गोल फिरवलात. एका जागी तंतू अडकले. तिथेच टोक होतं, केसाएवढं. कपाशीच्या मुलखात जन्म गेला आणि कापसाचा हा उपयोग मला चाळिशीला आल्यावर कळला.

फेब्रुवारीतल्या त्या शर्यतीत चारपैकी तिसऱ्या फेरीत माझं मागचं चाक बसलं. कापूस टूलच्या पिशवीत होताच. काटा सापडला, ट्यूब बदलली, साडेसहा मिनिटं गेली. थोडं पुढे एक मुलगी दुसऱ्यांदा ट्यूब काढून रडकुंडीला आली होती. उरलेला कापूस तिच्या हातात दिला, कसा फिरवायचा ते सांगितलं आणि निघाले. शेवटच्या चढावर हलका गिअर टाकला. मागून चेनचा एकसारखा सूर येत होता, टिक-टिक नव्हती. तो सूर ऐकत मी तो चढ चढले, आप्पा. आणि वर पोचून पाच मिनिटांत माइकवर "कोणी नाही" म्हणाले.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते : मला शिकवलं ते धुळ्यातल्या आप्पांनी. कोणी पुन्हा विचारलं तर पहिलं नाव तुमचं असेल.

पोळा झाला, पाऊस ओसरतोय. काळ्या मातीत अजून चाक घालायची सोय नाही, दहा पावलांत चिखल फ्रेमपर्यंत भरतो. म्हणून लळिंगच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर पहाटे साडेचारला निघते, दुकान उघडायच्या आत परत. नोव्हेंबरात शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळचा घाट चढून यशवंत तलावापर्यंत जायचं आहे. त्यानंतर शर्यती सुरू होतील. यंदा टायर ट्यूबलेस केलेत, हवेचा दाब पुढे २२ आणि मागे २४ पीएसआय ठेवतेय. सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक आतून बुजवणारं द्रव, आपल्या उन्हात लवकर आटतं, ते नव्याने भरलंय. ब्रेकचं तेल बदलायचं राहिलंय. मिनरल ऑइल आणून ठेवलंय. दुसरं तेल गेलं तर सील फुगतात, लक्षात आहे.

रविवारी सकाळी सायकल घेऊन येते. मागच्या चाकाचा आउट मी घरीच काढलाय, पण उजवीकडे कुठेतरी एक स्पोक अजून ढिला बोलतोय असं वाटतं. तुम्ही आधी ऐका, कोणता ते सांगू नका. मी शोधते.

तुमची,
औषधाच्या दुकानातली सायकलवाली
धुळे